दहा दाण्यांत सहा लाल

नोराल्बा इनकापिए हिला आमच्या सान एव्हारिस्तोत सगळे ओळखतात, पण तिच्याबद्दल कुणी कधी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. लिहिण्यासारखं आपण काही केलंय असं तिला स्वतःलाही वाटत नाही. मी तिला विचारलं, ‘‘तुझी गोष्ट लिहितोय, चालेल ना?’’ तर म्हणाली, ‘‘लिहा की आजोबा. फक्त आकडे चुकवू नका. बाकी काय थापा मारायच्या त्या मारा.’’

आता आकडे चुकवणारा माणूस मी नव्हे. शिकलो चौथीपर्यंतच, तेही डोंगरावरच्या शाळेत, जिथं वर्ग चार, खोली एक आणि बाईही एकच. पण पुढं अडतीस वर्षं कॉफी खरेदीच्या गोदामात काट्याशी उभा होतो. एकदा एल्पिदियो नावाचा एक बहाद्दर पोतं घेऊन आला. वरची कॉफी खडखडीत सुकी, मधली ओलीचिंब. वजन काय विचारता! मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हटलं, ‘‘एल्पिदियो, तुझ्या कॉफीला सर्दी झालीय, घरी नेऊन शेकव.’’ तेव्हापासून मला बघितलं की तो रस्ता बदलतो. सांगायचं एवढंच, की ओली आणि सुकी एका मापानं तोलायची नसते हे मला कुणी शिकवायला नको. तरीही नोराल्बाची गोष्ट घडली तेव्हा ही साधी बाब माझ्या डोक्यात आली नाही. तिच्याच आली.

नोराल्बा चोपन्न वर्षांची, अंगानं आटोपशीर, करडे केस घट्ट बांधलेले, कानामागं कायम पेन्सिल. ग्रानोक्लारो नावाच्या कंपनीत ती हिशेब बघते. ही कंपनी आमच्याच गावची. विल्मार आर्बेलाएस या पोरानं बापाच्या जुन्या गॅरेजात काढली. तिचं यंत्र म्हणजे एक चपटा काटा. पोतं ठेवलं की वजन, ओलावा आणि त्या दिवसाचा भाव सरळ शेतकऱ्याच्या मोबाईलवर. माझा लोखंडी काटा त्यानंच बाद केला, म्हणजे खरं तर मी रागवायला हवं होतं. पण पहिल्याच दिवशी त्या यंत्रानं एल्पिदियोचं पोतं पकडलं, मग मी कसा रागावू?

विल्मारनं सुरुवातीला स्वतःची मोटरसायकल विकली. त्याच्या काकानं, तार्सिसियोनं, तीन खेचरं विकून पैसे घातले आणि भागीदार झाला. तार्सिसियो अजूनही यंत्र बंद पडलं की म्हणतो, ‘‘मधलं खेचर अडलं असेल. ते पहिल्यापासून हट्टीच.’’ आज तिथं त्रेचाळीस माणसं कामाला आहेत. त्यातल्या पंधरा-वीस पोरी तरी अशा, की ही कंपनी नसती तर मेदेयीन शहरात जाऊन कुणाच्या तरी घरी इस्त्री करत बसल्या असत्या.

नोराल्बाचं दुसरं काम भिशीचं. आमच्याकडे भिशीला नातियेरा म्हणतात. नाताळात दूध आणि मक्याची जी घट्ट खीर करतात तिच्यावरून हे नाव. जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी प्रत्येकानं आपली रक्कम टाकायची. तो पैसा वर्षभर व्याजानं फिरवायचा. मधूनमधून बिंगो करायचा, एम्पानाडा, म्हणजे सारण भरलेल्या तळलेल्या करंज्या, विकायच्या. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं ज्याचं त्याला वाटून टाकायचं: पोरांचे कपडे, खीर, डुकराचं जेवण, नवे बूट. डिसेंबरात भिशी फुटली नाही असं आमच्या गावात कधी झालेलं नाही. नवऱ्यानं बायकोला फसवलं तर गाव सहा महिन्यांत विसरतं. भिशीच्या खजिनदारानं फसवलं तर त्याच्या नातवंडांनाही सोयरिकी मिळत नाहीत. नोराल्बा बावीस वर्षं खजिनदार आहे.

आमची भिशी कंपनीलाच कर्ज देते. फेब्रुवारीत देते, डिसेंबरात घेते. हे सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही विशेष आहे असं कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं. आणि कंपनीचा वर्षाचा कागद, म्हणजे ताळेबंद, निघायचा एकतीस डिसेंबरचा. म्हणजे भिशी फुटल्यावरचा.

आता मूळ भानगडीकडे येतो.

मेदेयीनचे एक पैसेवाले गृहस्थ आहेत, ओक्ताव्हियो इसासा. चांगल्या कंपन्या हेरून त्यांत हिस्सा घेणं हा त्यांचा धंदा. फेब्रुवारीत त्यांना विल्मारनं डिसेंबरचा कागद मोठ्या झोकात दाखवला. त्यात कंपनीत घातलेल्या दर दहा पेसोंत कर्जाचे तीन आणि स्वतःचे सात. इसासा खूश. म्हणाले, ‘‘वीस टक्के हिस्सा द्या, भाव चांगला देतो.’’ बोलणी रेंगाळली, कारण विल्मारला वाटलं, अजून थांबलो तर भाव चढेल. ऑक्टोबरात इसासांनी ताजा कागद मागवला. नोराल्बानं तो काढून पाठवला. त्यात दहातले सहा कर्जाचे!

चार दिवसांत पत्र आलं. भाषा गोड, आत सुरी. ‘आपलं कर्ज दहा महिन्यांत तीनाचं सहा झालं आहे. कंपनी बुडण्याच्या वाटेवर दिसते. आम्ही साठ टक्के घेऊ, कर्ज फेडू, कारखाना मेदेयीनला हलवू. येत्या गुरुवारी सही करायला येतो.’

शुक्रवारी सकाळी विल्मार ते पत्र घेऊन नोराल्बाच्या टेबलापाशी आला. मी तिथंच होतो, भिशीचा हप्ता भरायला.

‘‘सही करून टाकतो,’’ विल्मार म्हणाला. तोंड असं, जणू दात काढायला निघालाय.

‘‘आधी बस खाली,’’ नोराल्बा म्हणाली. चारचौघांत ती त्याला साहेब म्हणते, पण तो चड्डीत असल्यापासून तिनं त्याला पाहिलंय. ‘‘आणि हा कारखाना हलवून तू त्रेचाळीस माणसांना काय सांगणार? बसचं भाडं देतो म्हणून?’’

‘‘मग काय करू, नोराल्बाबाई? आकडे तुमचेच आहेत. तीन तुम्हीच लिहिलेत, सहाही तुम्हीच लिहिलेत. यातला खोटा कोणता ते सांगा!’’

‘‘दोन्ही खरे आहेत.’’

‘‘झालं तर मग!’’

‘‘तेच मला पटत नाहीये,’’ ती म्हणाली आणि माझ्या हप्त्याची पावती तिनं दोनदा फाडली. पावती दोनदा फाडणारी नोराल्बा मी तोवर पाहिली नव्हती.

आता शनिवार. शनिवारी आमच्या भिशीचं डुक्कर तोलतात. दरवर्षी भिशीच्या पैशातून एक पिल्लू घेतो, कंपनीत झाडलोट नि स्वयंपाक बघणाऱ्या बेरेनीसमावशीच्या परसात ते वाढतं आणि डिसेंबरात त्याचं जेवण होतं. ग्रानोक्लारोचाच एक काटा तिथं ठेवलाय. दर शनिवारी वजन, आणि त्यावर छोट्या पैजा. त्या वर्षीच्या डुकराचं नाव पोरांनी ‘मंत्री’ ठेवलं होतं. खातो भरपूर, करत काही नाही.

नेहमी सकाळी सातला, उपाशीपोटी वजन व्हायचं. त्या दिवशी पाऊस होता म्हणून दुपारी झालं. काट्यावर आकडा आला तो बघून तार्सिसियो नाचायलाच लागला.

‘‘एका आठवड्यात सहा किलो! काढा माझे पैसे!’’

‘‘कसले पैसे!’’ बेरेनीसमावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘आत्ताच बादलीभर केळ्याची सालं खाऊन अर्धा डबा ताक प्यायलाय तो. पोटात बादली घेऊन उभा आहे. गेल्या शनिवारी उपाशी तोललेला, आज जेवून तोलला, आणि म्हणे सहा किलो! तुलाही जेवणाआधी आणि जेवणानंतर तोललं तर दोन तार्सिसियो भरतील.’’

‘‘काटा खोटं बोलतो का, मावशी?’’

‘‘काटा खरं बोलतो. तू खोटं बोलतोयस. उद्या सकाळी सातला ये, मग बघू मंत्री किती वाढलाय ते.’’

सगळे हसले. मी हसता हसता नोराल्बाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं कानामागची पेन्सिल काढली होती आणि नुसती हातात धरून डुकराकडे बघत होती.

‘‘काय गं?’’ मी विचारलं.

‘‘आजोबा,’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्या घरी लाल घेवडा आहे ना? आणि पांढरा मका?’’

आमच्या घरी लाल घेवडा नाही तर मग कुणाच्या घरी असणार! रविवारी प्रार्थना आटोपून ती वह्यांची पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. मी गुळाचं पाणी गरम केलं. तिनं टेबलावर दाणे मांडले. प्रत्येक ओळीत दहा. लाल म्हणजे दुसऱ्याचा पैसा, पांढरा म्हणजे मालकांचा, त्यात तार्सिसियोची खेचरंही आली.

‘‘हा गेल्या डिसेंबरचा कागद. तीन लाल. हा यंदाच्या ऑक्टोबरचा. सहा लाल. इसासासाहेबांनी हे दोन शेजारी ठेवले.’’

‘‘मंत्री उपाशी आणि मंत्री जेवलेला,’’ मी म्हटलं.

‘‘तेच तर! ऑक्टोबरात कापणी तोंडावर असते. गोदामांना काटे तेव्हाच हवेत. म्हणून आपण ऑगस्टपासून उसने पैसे काढून सुटे भाग आणतो. भिशीचे पैसेही तेव्हा आतच असतात. गिऱ्हाइकं पैसे देतात कापणीनंतर. ते आले की बँकेचं देणं जातं, भिशी फुटते, आणि एकतीस डिसेंबरला घर झाडून-पुसून लख्ख! आणि तो कागद काढतो आपण. आठ वर्षं मी नाताळासाठी सजवलेल्या घराचा फोटो काढतेय आणि म्हणतेय, आमचं घर असंच असतं.’’

मग तिनं ऑक्टोबराशेजारी ऑक्टोबर लावला. परार सालच्या ऑक्टोबरात आठ लाल. गेल्या ऑक्टोबरात सात. यंदा सहा. नंतर डिसेंबराशेजारी डिसेंबर: परार चार, गेल्या साली तीन. माझ्या डोळ्यांदेखत लाल ओसरत चालले होते.

‘‘पण बाई,’’ मी म्हटलं, ‘‘कर्ज कमी झालं म्हणजे विल्मारनं पैसे फेडले तरी कधी? परवाच नवं कर्ज काढलंय त्यानं.’’

ती माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. या वयात कुणी असं बघितलं की अजूनही बरं वाटतं.

‘‘बरोब्बर विचारलंत. कर्ज पेसोंत मोजलं तर दरवर्षी वाढलंच आहे. ते मी लपवणार नाही. पण विल्मारनं आणि तार्सिसियोनं चार वर्षं नफ्यातला एक पेसोही घरी नेला नाही. सगळा आत ठेवला. लाल वाढले, पण पांढरे त्याहून जोरात वाढले. म्हणून दहातला वाटा घटला.’’

मी तर म्हटलं, झालं, जिंकलो! चल, विल्मारला सांगू. पण नोराल्बा उठेना. ती त्या डिसेंबरच्या तीन लाल दाण्यांकडे बघत होती.

‘‘हे तीन दाखवून आपणच त्यांना फेब्रुवारीत भुलवलं, आजोबा. चोरी नाही केली, पण भुलवलं. ऑक्टोबर त्यांनी चुकीचा वाचला, कारण डिसेंबर आपण चुकीचा दाखवला. मी नुसते ऑक्टोबरचे दाणे घेऊन गेले तर ते म्हणतील, मग डिसेंबरात थापा का मारल्या?’’

‘‘मग?’’

‘‘मग बाराही महिने मोजायचे.’’

आणि बाईनं मोजले! सोमवार, मंगळवार, बुधवार. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी काय येणं, काय देणं, तीन वर्षांचं. टेबलावर जेवणाचा डबा तसाच पडलेला असायचा. विल्मार दर तासाला दारात येऊन विचारायचा, ‘‘किती झालं?’’ आणि ती न बघता म्हणायची, ‘‘पुन्हा विचारलंस तर एक महिना वाढवीन.’’

गुरुवारी इसासा आले. ते तीन तास डोंगरातल्या वळणांवरून आलेले, त्यामुळे चेहरा जरा पिवळा. गॅरेजच्या मागच्या खोलीत बसलो. मी का होतो विचाराल, तर भिशी ही कंपनीची सावकार आणि मी भिशीचा सर्वांत जुना सभासद. शिवाय दाणे माझ्या घरचे.

विल्मारच्या समोर सहीचा कागद आणि पेन. नोराल्बानं पेन उचलून बाजूला ठेवलं आणि तिथं कापडी पिशवी उपडी केली.

‘‘हे काय?’’ इसासा म्हणाले. ‘‘मी जेवूनच आलोय, बाई.’’

‘‘म्हणूनच जरा सांभाळून तोलायला हवं,’’ ती म्हणाली. मला आणि तिलाच हसू आलं.

तिनं दाणे मांडले. ऑक्टोबरला ऑक्टोबर, डिसेंबरला डिसेंबर. इसासा माणूस हुशार. दुसऱ्या ओळीलाच ते पुढं वाकले. तिसऱ्या ओळीला त्यांनी चष्मा लावला.

‘‘हे ठीक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण मग मला फेब्रुवारीत फक्त डिसेंबर दाखवलात, त्याचं काय? तेव्हा मला तीन दिसले. कुणी सांगितलं का, की ऑक्टोबरात सात होते?’’

विल्मार खाली बघायला लागला. मला वाटलं, गेलं सगळं.

‘‘नाही सांगितलं,’’ नोराल्बा म्हणाली. ‘‘तो कागद मी लिहिला होता. त्यात आकडा एकही खोटा नव्हता, पण दिवस सोयीचा होता. आमच्या गावात वर्ष डिसेंबरात फुटतं, म्हणून आम्ही त्याच दिवशी स्वतःकडे बघतो. तुम्हाला तो दिवस दाखवला ही चूक माझी. तुम्ही दोन वेगळे दिवस शेजारी ठेवलेत ही चूक तुमची. आता दोघांच्या चुका सोडा आणि हे बघा.’’

तिनं वहीतला एकच कागद पुढं सरकवला. चौतीस महिने. खाली तीन आकडे. वर्षाच्या सगळ्या महिन्यांची सरासरी काढली तर परार साली दहातले सहा लाल, गेल्या साली साडेपाच, यंदा आतापर्यंत पाच.

‘‘तीन नाही, साहेब. तितकी आम्ही चांगली नाही. सहाही नाही. तितकी वाईटही नाही. पाच. आणि दरवर्षी अर्धा दाणा कमी होतोय. साठ टक्के मागायचे असतील तर या पाचावर मागा. विल्मार देणार असेल तर मी सही करायला पेन परत आणून देते.’’

इसासांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी बोटानं एक लाल दाणा उचलला, उलटसुलट केला.

‘‘माझ्याकडे मेदेयीनमध्ये सात माणसं आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘परदेशात शिकलेली. एकानंही विचारलं नाही, की तुमची भिशी कधी फुटते.’’

‘‘त्यांना भिशीत घातलं नसेल कुणी,’’ तार्सिसियो कोपऱ्यातून म्हणाला. तो इतका वेळ गप्प होता हाच मोठा चमत्कार.

‘‘बरं, विल्मार,’’ इसासा म्हणाले. ‘‘वीस टक्के. फेब्रुवारीपेक्षा भाव थोडा कमी, कारण फेब्रुवारीत मी तीनाच्या हिशेबानं बोललो होतो. कारखाना इथंच राहू दे. पण एक अट. वर्षाला एक कागद नको. दर तीन महिन्यांना एक हवा. आणि तो या बाईंच्या हातचा.’’

विल्मारनं काकाकडे बघितलं. काका म्हणाला, ‘‘खेचरं विकली त्याला आठ वर्षं झाली. अजून एक गडी गाडीला लागत असेल तर लागू दे. पण लगाम आपल्या हातात.’’

विल्मारनं ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, त्याआधीच नोराल्बानं सहीच्या कागदावरच्या साठावर रेघ मारून वर वीस लिहून टाकलं होतं. कानामागच्या पेन्सिलीनं. वकील मागाहून पेनानं लिहितील, ती म्हणाली.

इसासांचा पैसा आला तो पांढऱ्यांत, कारण ते मालक झाले, सावकार नव्हे. त्यामुळं पुढच्या हंगामात भाग आणायला कर्ज कमी लागलं. भिशीच्या सभेत नोराल्बानं ठराव केला, की कंपनीला आता निम्मेच पैसे द्यायचे, उरलेले शेतकऱ्यांना खताला. त्यावर बेरेनीसमावशी म्हणाली, ‘‘म्हणजे आमच्या बुटांवर आता कंपनीचा जीव टांगलेला नाही ना? मग माझं मत हो.’’

त्या गुरुवारी सगळे उठून गेल्यावर टेबलावर मका आणि घेवडा तसाच पडला होता. बेरेनीसमावशी झाडायला आली, तिनं तो सगळा ओंजळीत गोळा केला आणि रात्रीच्या भांड्यात टाकला. कर्ज आणि भांडवल एकत्र शिजलं आणि विल्मारनं दोनदा वाढून खाल्लं. त्यातून सुटला एकच लाल दाणा, तो इसासांनी आधीच खिशात घालून नेला होता.

मंत्री त्या डिसेंबरात एकशे चौदा किलोंचा भरला. उपाशीपोटी, सकाळी सातला. इसासा जेवायला आले. पुढच्या जानेवारीपासून ते आमच्या भिशीत आहेत. दर पंधरा दिवसांनी हप्ता मोबाईलवरून येतो. एकदा दोन दिवस उशीर झाला तर नोराल्बानं त्यांना दंड लावला, आणि त्यांनी मुकाट्यानं भरला.

यंदाचा ऑक्टोबर परवाच संपला. मी हप्ता भरायला गेलो होतो. नोराल्बा वहीत डोकं घालून बसलेली. विल्मार दारातून आत आला आणि त्यानं तिच्यासमोर लाल दाण्यांची मूठ उघडली. नोराल्बानं चष्म्यावरून पाहिलं, मोजलं आणि परत वहीत डोकं घातलं.

‘‘चार,’’ ती मला म्हणाली. ‘‘हे बरोबर लिहा, आजोबा.’’

लिहिलं आहे.